समुद्र शिकवायचा कसा?

भूगोलाच्या तासाला आपण भरती-ओहोटी शिकवतो, भौतिकीच्या तासाला लाटा आणि जीवशास्त्राच्या तासाला मासे. पाण्याची क्षारता रसायनशास्त्राच्या वाट्याला येते. समुद्र मात्र एकच असतो. मग तो एक विषय म्हणून शिकवता येईल का? १९३६ साली हा प्रश्न अमेरिकेतील एका विद्यापीठीय संस्थेपुढे उभा होता.

ही संस्था कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ ला होया येथे आहे. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांनी १९०३ साली स्क्रिप्स कुटुंबाच्या मदतीने तिची सुरुवात केली, तेव्हा ती सागरी जीवशास्त्राची एक लहानशी प्रयोगशाळा होती. १९१२ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठात सामील झाली आणि १९२५ मध्ये 'स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था' झाली. पण नाव बदलल्याने विषय तयार होत नाही. काम बरेचसे किनाऱ्यावरूनच चाले.

१९३६ मध्ये नॉर्वेचे हाराल्ड स्वेर्ड्रुप संचालक म्हणून आले. आमुंडसेन यांच्या 'मॉड' जहाजावरील ध्रुवीय मोहिमेत त्यांनी अनेक वर्षे घालवली होती. ते आले त्याच वर्षी संस्थेचे एकुलते एक जहाज स्फोट होऊन नष्ट झाले. पुढच्या वर्षी एक शिडाचे जहाज देणगीत मिळाले. स्वेर्ड्रुप यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याने समुद्राचे भौतिकी, रसायन, जीव आणि भूविज्ञान हे चारही विषय शिकायचे; आणि मोजमापे करायला जहाजावर जायचे. एकत्रित पाठ्यपुस्तक नव्हते. तेव्हा त्यांनी जॉन्सन आणि फ्लेमिंग या सहकाऱ्यांसह ते लिहिले. हजारावर पानांचे 'द ओशन्स' हे पुस्तक १९४२ साली प्रसिद्ध झाले.

या शिक्षणाला भवितव्य काय होते? १९३९ साली वॉल्टर मुंक हा व्हिएन्नात जन्मलेला तरुण येथे आला. पुढच्या दहा वर्षांत या विषयात एकही नोकरी निघेल असे वाटत नाही, असे स्वेर्ड्रुप यांनी त्याला स्पष्ट सांगितले होते, ही आठवण मुंक पुढे सांगत असत. तरीही तो राहिला.

नोकरीचा प्रश्न युद्धाने वेगळ्याच रीतीने सोडवला. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे, तर त्या दिवशी लाटा किती उंच असतील हे आधी कळायला हवे. लाट मोठी असली की नावा उलटतात आणि माणसे बुडतात. स्वेर्ड्रुप आणि मुंक यांनी तीन गोष्टींवरून लाटेची उंची काढण्याची रीत बसवली: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला. सैन्याच्या हवामान अधिकाऱ्यांना ही रीत स्क्रिप्समध्येच शिकवण्यात आली. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईसाठी लाटांचे अंदाज बांधताना ती उपयोगी पडली. मुंक यांना डॉक्टरेट मिळाली ती त्यानंतर, १९४७ मध्ये.

वादळापासून दूर गेलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करतात. खोल पाण्यात लांब लाटा वेगाने धावतात, म्हणून त्या आधी पोहोचतात. आखूड लाटा मागाहून येतात. दोघींच्या येण्यातील अंतरावरून वादळ किती दूर झाले ते काढता येते. १९६३ साली मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी उपकरणे लावून अशा लाटांचा माग काढला.

स्वेर्ड्रुप यांच्या काळात स्क्रिप्समध्ये काम केलेले युजीन ला फाँड १९५२ साली आंध्र विद्यापीठात वॉल्टेअरला आले. नौदलाची जहाजे मिळवून त्यांनी तेथील विद्यार्थ्यांना समुद्रावर नेले. पूर्व किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी केव्हा वर येते, याचा अभ्यास त्यातून उभा राहिला. रीत तीच: शिकणे आणि शोधणे एकाच वेळी. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्यातून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे.

आम्हां संशोधकांना या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विषय पूर्ण तयार झाल्यावर तो शिकवायला घेतला असे येथे झाले नाही. शिकवायला घेतला म्हणून तो तयार झाला. विद्यार्थी नसते, तर स्वेर्ड्रुप यांना ते पुस्तक लिहिण्याची निकड भासली नसती.

शाळेची सहल कोकणात गेली की मुलांच्या हाती एक घड्याळ द्यावे. लागोपाठच्या दहा लाटा फुटायला किती वेळ लागतो ते मोजून त्याला दहाने भागावे. चार-पाच सेकंद आले, तर लाटा बहुधा जवळच्या वाऱ्याच्या. बारा-पंधरा सेकंद आले, तर त्या फार दूरच्या वादळातून आलेल्या असतात. त्या वेळी किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसेल. मग मुलेच विचारतील, "वारा नाही, तर लाटा कुठून आल्या?" तो प्रश्न आला की समुद्रविज्ञानाचा तास सुरू झाला असे समजावे.