बेंटलेचा भाता

मोटारीची शक्ति वाढविण्याचे ठळक मार्ग दोन: सिलिंडर मोठे करणें, किंवा आहेत त्याच सिलिंडरांत अधिक हवा दाबून भरणें. इंग्लंडांत १९२९ च्या सुमारास या दोन मार्गांचा वाद रंगला. बेंटले गाडीचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटले पहिल्या पक्षाचे. शर्यतपटु हेन्री बर्किन दुसऱ्या पक्षाचे. बर्किन यांनीं अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांजकडून सुपरचार्जर, म्हणजे हवेचा यांत्रिक भाता, करवून घेतला. द्रव्य डॉरथी पॅजेट यांनीं पुरविलें. परंतु साडेचार लिटरच्या इंजिनांत फेरफार करूं देण्यास बेंटले तयार नव्हते. तेव्हां भाता बॉनेटखालीं न बसतां रेडिएटरच्याहि पुढें, उघड्यावर बसला, आणि क्रँकशाफ्टच्या टोकावरून थेट फिरूं लागला. शर्यतीच्या गाडीची शक्ति सुमारें १३० वरून २४० अश्वशक्तीवर गेली. पण उष्णता, पुढचें ओझें व पेट्रोलची भूकहि वाढली. १९३० सालीं ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत भात्याच्या दोन्ही गाड्या वाटेंतच थांबल्या. जिंकली ती भाता नसलेली साडेसहा लिटरची बेंटले. त्याच वर्षीं पो येथें मात्र बर्किन दुसरे आले. पुढें टर्बोचार्जरनें बाहेर पडणाऱ्या धुराकडूनच हवा दाबण्याचें काम करून घेतलें. तरी जुन्या गाडींत तो बसविणाऱ्यास धडा हाच: भात्याला जागा शोधणें सोपें, त्याच्या उष्णतेला वाट करून देणें कठीण.