बंदूक, चिठ्ठी आणि कॅमेरा

मुंबईत १८८३ साली आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले, बाकी साहेब. एटकेन मिठाच्या खात्यात, पुढे त्यांना येऊन मिळालेला फिप्सन मद्याचा व्यापारी. म्हणजे पोटाचा उद्योग निराळा आणि निसर्गाचा नाद निराळा, अशी ही मंडळी.

त्या काळचा पुरावा बंदुकीचा. पक्षी मारावा, सोलावा, कातड्यात कापूस भरावा आणि पायाला चिठ्ठी बांधावी : कोठे, केव्हा, कोणी. ‘कोणी’ म्हणजे बहुधा साहेब. रानाची वाट दाखवणारा आणि कातडे सोलणारा गडी त्या चिठ्ठीवर क्वचितच चढे. उभी हयात हजेरीपटाशी भांडण्यात गेलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही!

पण चिठ्ठीच खोटी निघाली तर? रानपिंगळ्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. ह्यूमने १८७३ साली या घुबडाला शास्त्रीय नाव दिले. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना मिळाला नाही. मात्र मायनर्त्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात गुजरातेतील मांडवीचा, १९१४ सालचा एक नमुना होता. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक भलत्याच मुलखात पक्षी शोधीत राहिले. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले, की ते कातडे डेव्हिडसनने पूर्वी जमवलेले. ब्रिटिश म्युझियममधून चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. मग शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! या वेळी त्याला मारले नाही. त्याची छायाचित्रे घेतली. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या रानात तो हौशी निरीक्षकांना सापडला.

छायाचित्रही खोटे बोलू शकते, अशी शंका कोणी काढील. रास्त आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियात २००८ साली सुरू झालेल्या आय-नॅचरलिस्टसारख्या उपक्रमात चित्राबरोबर तारीख व ठिकाण मागतात, आणि अनोळखी माणसे ती ओळख तपासतात. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, तरच नोंद अभ्यासाच्या दर्जाची ठरते. दुर्मिळ प्राण्याचे नेमके ठिकाण झाकून ठेवतात. शिकारीही वाचत असतोच. आणि ‘कोणी’ या रकान्यात नाव येते ते चित्र काढणाराचे, मग तो कारकून असो वा हमाल.

आपल्या करंजाड्याजवळ हे अधिकच निकडीचे. कर्नाळ्याला १९६८ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे, पण त्याबाहेरच्या ओढ्यांना आणि टेकड्यांना ते कोठले? शेजारच्या विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि २०२५ साली विमाने उडू लागली. त्या टेकडीवर पूर्वी काय काय होते, हे आज सांगायचे तर कोणीतरी तेव्हा टिपून ठेवलेले हवे. गाढी नदीचा काठ अजून आहे. पाळीवरून परतताना तेथला साधा खंड्या, बेडूक, चतुर, जे दिसेल ते तारखेनिशी टिपावे.