कडेवरचं मूल आणि शाळेचं रजिस्टर

शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी करताना हा रकाना मी पुष्कळदा भरला, आणि माझ्या आधीच्या गुरुजींनी भरलेला त्याहून जास्त वेळा वाचला. मुलग्यांच्या नावापुढे तऱ्हेतऱ्हेची कारणं सापडतात. कुणी परगावी गेला, कुणी गुरांमागे लागला, कुणी मामाकडे राहायला गेला. मुलींच्या नावापुढे बहुतेक वेळा दोनच शब्द : सतत गैरहजर. आता ही गैरहजर मुलगी कुठं असायची? शाळेच्या कुंपणाबाहेर, जांभळीखाली, कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी. आतल्या पाढ्यांबरोबर तिचे ओठ हलत असायचे. पोर रडलं की ती चार पावलं मागं जायची, गप्प झालं की परत पुढं. 'भावंड सांभाळते' असं त्या रकान्यात लिहायला कुणाची बंदी नव्हती, पण तसं लिहिलेलं मला एकाही पानावर आढळलं नाही.

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहितात तो शाळा काढणाऱ्यांचा. पहिली शाळा कुठं निघाली, कुणी शेण झेललं, कायदा कधी झाला. ते लिहायलाच हवं. पण मुली शाळेत का टिकल्या नाहीत हे समजून घ्यायचं तर आणखी एक साधा प्रश्न विचारावा लागतो : त्या वेळी घरातलं तान्हं कुणाजवळ होतं? माझं मत असं की मुलींच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास या प्रश्नात आहे, आणि तो विचारणारे फार थोडे झाले.

जोतीराव फुल्यांना गरिबाच्या घरातलं गणित ठाऊक होतं. मूल शाळेत गेलं की घरातले दोन हात कमी होतात, म्हणून त्यांच्या शाळांतून मुलांना काही मदत देण्याची रीत होती. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकारनं ती कानाआड केली. मग संस्थानिक पुढं आले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लावला. वयाची अट मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा. या दोन वर्षांच्या फरकापाशी मी नेहमी अडखळते. दहा वर्षांची मुलगी म्हणजे पाणी भरणारी, भाकरी थापणारी, पोर खेळवणारी. तिला त्याहून जास्त अडवून धरलं तर घरं कुरकुरतील, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं असावं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं बिल १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला आणि मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. तरीही दंड आईबापांना होता. पाळण्याला दोरी कोण देणार, हे त्यात कुठं नव्हतं.

मुंबईच्या गिरण्यांत हीच अडचण वेगळ्या रूपात होती. आई खात्यात, मूल चाळीत. थोरली पोर नसेल तर शेजारीण, शेजारीण नसेल तर अफूची बाळगोळी. १९२०च्या सुमारास सरकारनं नेमलेल्या डॉक्टरणीनं आपल्या अहवालात याबद्दल लिहिलं, त्यावर बोभाटाही झाला. पुढं १९४८चा कारखाना कायदा आला. पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर ठेवावं लागेल असं त्यात लिहिलं, आणि १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला. चांगलाच कायदा. पण तो कामगार आईकडे बघायचा, थोरल्या बहिणीकडे बघत नसे. शिवाय भाताच्या खाचराला आणि वीटभट्टीला कारखाना कोण म्हणतं?

इथं मला घरचं सांगावं लागेल. आमचं गाव डहाणू तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराकडं. आम्ही पाच भावंडं. अक्का थोरली, मी चौथी. अक्का दुसरीत होती तेव्हा आमचा भाऊ जन्मला, आणि लावणीला आई शेतात गेली तशी अक्काची पाटी आढ्याला लागली. भावानंतर दुसरी बहीण, तिच्यानंतर मी, माझ्यानंतर धाकटा. आमच्यातलं एक खाली उतरेपर्यंत दुसरं तिच्या कडेवर चढलेलं असे. तिची उजवी बाजू अजून किंचित वाकडी आहे, डॉक्टर काही का म्हणेनात. मी शाळेत गेले, डी. एड. झाले, बाई झाले. लोक म्हणत, वडिलांनी शिकवलं हो पोरीला. वडिलांनी शिकवलंच, आडकाठी केली नाही. पण घरी अक्का होती म्हणून ते जमलं. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मग काय, पोरं टाकून जायची होती का मी?" तिला त्यात कौतुक करण्यासारखंही काही दिसलं नाही आणि कुरकुरण्यासारखंही.

आमच्या गावापासून कोसबाडची टेकडी दहा-बारा मैल. तिथं काय चाललंय हे आमच्या आईला कळतं, तर अक्काचं वेगळं झालं असतं का, सांगता येत नाही. पण तिथं जे चाललं होतं ते मुळातून सांगण्यासारखं आहे.

ते काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक मुंबईत शिकलेल्या, प्रार्थना समाजी घरातल्या. लहान मुलगी पदरात घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, दक्षिणामूर्ती संस्थेत मॉन्टेसरी पद्धतीचं काम शिकल्या आणि १९२६ मध्ये तिथं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढं दादरला शिशुविहार निघालं. दादरची मुलं स्वच्छ फ्रॉक-चड्डीत यायची, त्यांना सोडायला आई किंवा गडी असायचा. हे बरं चाललेलं सोडून त्या १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. बरोबर अनुताई वाघ, पस्तिशीच्या. बालपणी लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झालेल्या, नंतर शिकून पुण्याच्या हुजूरपागेत मास्तरीण झालेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, बोर्डीहून फार लांब नाही अशा झरीला वारली आदिवासींनी सभा करून वेठबिगार न करण्याची शपथ घेतली होती. वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकात ते सारं आहे. माझ्या वडिलांना त्या काळातलं लाल बावट्याचं आठवायचं, बालवाडीचं कधीच नाही. माणूस उपाशी असताना रंगीत ठोकळ्यांचं काय घेऊन बसलात, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी तरी त्याच्याशी भांडले नसते.

पण ताराबाईंनी ठोकळे आणलेच नाहीत. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, म्हणून शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानं, बांबूच्या कांड्या यांवर मोजणं आणि ओळखणं सुरू केलं. समुद्र जवळच होता. आणि मुलं येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, एखाद्या झोपडीपुढच्या अंगणात. मुलांना तिथंच आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. हीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर कुरणशाळा भरवली. १९५७ मध्ये बाड-बिस्तरा कोसबाडला हलला.

या साऱ्यात मला सगळ्यांत शहाणी वाटते ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. पोरगी भावाला घेऊन येते तर येऊ दे, म्हणाल्या. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली पहिली-दुसरीत. तान्ह्यानं भोकाड पसरलं तर उठून बघून यायला चार पावलं. पोरीला एकटी ये म्हणून दटावण्यापेक्षा तिच्या कडेवरचं ओझं मोजून त्याला जागा केली. शाळेबाहेर थांबलेल्या मुलीला आत यायचं आहे, तिचे हात रिकामे नाहीत, एवढंच त्या दोघींनी ओळखलं. आज ऐकताना ही फार मोठी गोष्ट वाटत नाही. पण १९१७चा रुपयाचा दंड आणि ही विकासवाडी शेजारी ठेवून बघा.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई पुढं जवळजवळ वीस वर्षं राबल्या, १९९२ पर्यंत. मधल्या काळात, १९७५ च्या २ ऑक्टोबरला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. सरकारनं अंगण घेतलं, पाळणा कोसबाडलाच राहू दिला. सरकारी अंगणवाडीत सुकडी आली, मग खिचडी, वजनकाटा, लसीकरण, तीन वर्षांवरच्या पोरांची गाणी. एवढंही ज्या गावांत कधी नव्हतं तिथं ते फार होतं. कुपोषण मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं वजनकाट्याला मी हसणार नाही. पण तीन वर्षांखालच्या पोराला दिवसभर ठेवून घ्यायची सोय योजनेत नव्हती, आणि अंगणवाडी दुपारी सुटायची. आई संध्याकाळी यायची. मधले तास पुन्हा थोरलीचे.

दिवाळीनंतर तर सगळंच उलटं व्हायचं. आमच्याकडे लोक तेव्हा जगायला जातात, म्हणजे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळेचा पट निम्मा रिकामा. भट्टीवर आई चिखल तुडवते, बाप साच्यातून विटा पाडतो, तान्हं झोळीत आणि झोळीची दोरी आठ वर्षांच्या मुलीच्या हातात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या, भोंगा म्हणजे तिथल्या मजुराची झोपडी. तिकडे मराठवाड्यातल्या ऊसतोडणीवाल्यांसाठी साखरशाळा निघाल्या. शाळा कामाच्या जागी न्यायची ही तऱ्हा कुरणशाळेचीच. २०१०च्या १ एप्रिलला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सहा ते चौदा वर्षांसाठी. सहाच्या खालच्यांना हक्कात घेतलं नाही, आणि सहाच्या खालच्यांना सांभाळते कोण, तर सहाच्या वरची. कायदा वाचताना माझ्या मनात पहिलं हेच आलं.

आता माझ्या शेवटच्या शाळेवरचं थोडं. तिथल्या एका पाड्याला अंगणवाडी नव्हती, जवळची नाल्यापलीकडे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या डिसेंबरात सांगून ठेवलंय की वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर लोकांनी मागितल्यावर तीन महिन्यांत ती द्यावी. हे पाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. मी बायकांना सांगितलं आणि घरोघर यादी करायला बसलो. यादी म्हणजे काय तमाशा! कुणाचं पोर आजोळी, कुणाचं नाव अजून ठेवलेलं नाही, कुणाला जन्माची तारीख विचारली तर उत्तर येतं, मोठा पूर आला त्या साली. कचेरीत सगळ्यांचे जन्मदाखले मागितले. घरी झालेल्या बाळंतपणांचे दाखले कुठले? लसीकरणाच्या कार्डांवर काम भागवलं. अंगणवाडी मिळाली, सांगितलेल्या मुदतीनंतर बऱ्याच दिवसांनी, पण मिळाली.

उद्घाटनानंतरच्या ग्रामसभेत एक लेकुरवाळी उठली. म्हणाली, "बाई, खिचडी बरी आहे. पण ही दुपारी सुटणार आणि मी दिवे लागताना येणार. माझी पोर पाचवीत आहे, तिला आता पुन्हा घरी बसवू का?" सभेत ठराव झाला, वेळ वाढवून मिळावी. उत्तर आलं, तरतूद नाही. हे २०२२ मध्ये पाळणा नावाची योजना येण्याच्या आधीचं. त्या योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, कागदावर पाळणा आला. अंगणवाडी सेविकेचं काय, हा वेगळा प्रश्न. तिला सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही, मानधन देतं. त्याच साली सर्वोच्च न्यायालयानं तिला ग्रॅच्युइटी लागू असल्याचं सांगितलं, आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रभर सेविकांना त्यासाठी आणि मानधनवाढीसाठी संप करावा लागला. दुसऱ्याची पोरं सांभाळणारीची ही कथा.

पाड्यावरच्या बायकांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सुइणीच्या ओटीवर त्यांनी लुगड्याच्या झोळ्या बांधल्या. दुपारी अंगणवाडी सुटली की पोरं तिच्याकडे. घरटी महिन्याला दोन पायली भात, ज्यांच्याकडे भात नाही ते जळण आणून देतात. म्हातारी कडक आहे. तंबाखू खाल्लेल्या तोंडानं कुणी पोराचा पापा घेतलेला तिला खपत नाही, स्वतः मात्र मिश्री लावते. मी निवृत्त झाले तरी अधूनमधून जाते, हिशेबाची वही माझ्याकडे असते म्हणून. यंदा लावणीच्या तोंडावर तिनं तीन पायली मागितल्या. निम्म्या बायका तयार आहेत, निम्म्या म्हणतात जास्त होतात. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यावर बैठक आहे.