सेकंदाला किती फेऱ्या?

देऊळगाव राजातल्या कुठल्याही ऑनलाइन सेवा केंद्रात पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला गेलं, की 'सर्व्हर स्लो आहे' हे ऐकू येतंच. त्यामागे कारणं बरीच असू शकतात: नेटवर्क, कच्चं सॉफ्टवेअर, एकदम उसळलेली गर्दी. एका कारणाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या डिस्कने सेकंदाला वाचन-लेखनाच्या किती फेऱ्या करायच्या, हा आकडा आधीच बांधलेला असतो. त्याला आयओपीएस म्हणतात. हा आकडा आला कुठून?

सुरुवातीला मर्यादा लोखंडातच होती. १९५६ साली आयबीएमने रामॅक यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यांत मावायची ५० लाख अक्षरं. वाचणारा दांडा हव्या त्या जागी पोहोचायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्यासुद्धा होत नसत. पुढे मिनिटाला १५,००० गरके घेणाऱ्या तबकड्या आल्या, तरी एका डिस्ककडून सेकंदाला दोनशेच्या आसपासच फेऱ्या निघत. पण डिस्क ज्याची, वेगही त्याचाच. वेगळी मर्यादा घालायचं कारण नव्हतं.

कुरबूर वाटणीतून सुरू झाली. एकाच साठवणीवर अनेकांचे आभासी संगणक चालू लागले, आणि एकाने बॅकअप लावला की दुसऱ्याचा डेटाबेस अडकून पडू लागला. जागा वाटून देणं सोपं होतं, वेग कसा वाटायचा?

त्याचं उत्तर आधीच टेलिफोन आणि संगणकांच्या जाळ्यांत सापडलं होतं. १९८६ साली जोनाथन टर्नर या अमेरिकी अभ्यासकाने 'गळकी बादली' मांडली. माहितीचं पाकीट आलं की बादलीत भर पडते, बादली ठरल्या वेगाने गळत राहते, आणि ती काठोकाठ असेल तर नवं पाकीट आत घेतलं जात नाही. तिच्याच जोडीची टोकनची बादली. तिच्यात ठरल्या वेगाने टोकन पडतात, प्रत्येक फेरीला एक खर्च होतं, आणि निवांत वेळी साठलेली टोकनं गर्दीत वापरता येतात.

खडकपूर्णेवरचा संत चोखामेळा सागर ज्या देऊळगाव राजा तालुक्यात आहे, तिथल्या शेतकऱ्याला यातलं मर्म उलगडून सांगावं लागणार नाही. कालव्याच्या मुखाशी बसलेला वाटेल तेवढं पाणी घेऊ लागला, की टेलचं शिवार कोरडं राहतं. मुंबई इलाख्यात नोकरीला असताना अभियंते विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर पाणी वाटून देणारी ब्लॉक पद्धत आणली ती याच दुखण्यावर. संगणकवाल्यांनी ती तिथून उचलली असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र तोच होता.

क्लाउडवर भाड्याने मिळणारी अ‍ॅमेझॉनची ईबीएस ही साठवण ऑगस्ट २००८ मध्ये आली. तेव्हा जागा मोजून मिळे, वेगाची हमी नसे. २०१० मध्ये अजय गुलाटी, आरिफ मर्चंट आणि पीटर वर्मन यांनी साठवणीचा वेग वाटायची एमक्लॉक ही रीत मांडली. तिने प्रत्येक आभासी संगणकाला तीन आकडे दिले: किमान हमी, कमाल मर्यादा आणि वाट्याचं वजन. मला या सगळ्या इतिहासात हे पाऊल सर्वांत न्याय्य वाटतं, कारण इथे मर्यादेबरोबर हमीही आली. पाठोपाठ विवेक गोयल यांच्या कामातून लिनक्सच्या गाभ्यातच डिस्कचा वेग बांधायची सोय झाली. २०१२ पासून ईबीएसवर पैसे मोजून ठरावीक आयओपीएस घेता येऊ लागले, सुरुवातीला एका व्हॉल्यूमला, म्हणजे भाड्याच्या एका डिस्कला, १००० पर्यंत.

२०१४ साली ईबीएसचा जीपी२ प्रकार आला. त्यात दर जीबीमागे ३ आयओपीएस आणि लहान व्हॉल्यूमला किमान १००. सोबत ५४ लाख क्रेडिटची, म्हणजे टोकनांचीच, भरलेली बादली. तिच्या जोरावर २० जीबीची डिस्कही सेकंदाला ३००० फेऱ्या करते, पण जेमतेम अर्धा तास. बादली रिती झाली की वेग थेट १०० वर येतो. चाचणी पंधरा मिनिटांची असेल तर सगळं झकास दिसतं, आणि शेवटच्या तारखेची गर्दी दिवसभर चालते. वेग वाढवायचा तर नको असलेली जागा विकत घ्यावी लागे. ही सांगड चुकीचीच होती. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ ने ती सोडवली: डिस्क केवढीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी पायाभूत, वरचा वेग वेगळा विकत.

मर्यादा लिहिलेली असणं चांगलंच आहे. न लिहिलेली सढळता शेजाऱ्याच्या मर्जीवर टिकते. म्हणून तुमची पतसंस्था, बाजार समिती किंवा महाविद्यालय क्लाउडवर जागा घेणार असेल, तर कंत्राटावर सही करण्याआधी किती जीबी एवढंच विचारून थांबू नका. आयओपीएस किती, सेकंदाला एमबी किती, आणि साठलेली क्रेडिट संपल्यावर किती आयओपीएस उरतात, हे तिन्ही आकडे लेखी घ्या.