अवघड माणसांवरची माया

आपल्या वाशीमकडे ख्रिस्ती धर्म म्हटला की आधी मिशनचे इस्पितळ आठवते. ते साहजिकच आहे. पण रोगी कितीही किरकिरा असला तरी बरा झाला की आपल्या गावी जातो. घरातले अवघड माणूस मात्र कुठे जात नाही. सकाळी तेच, संध्याकाळीही तेच. वैऱ्यावरही प्रेम करावे, असे येशू ख्रिस्ताने शिकवले. त्या शिकवणीची खरी परीक्षा चुलीपाशी होते. ती परीक्षा दिलेल्या एका मराठी जोडप्याची हकिगत आज ऐका.

नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. त्याच लक्ष्मीबाई. टिळक मोठे कवी, मनाचे उदार. पण संसाराला कठीण. राग नाकावर. हाती पैसा आला की मागणाऱ्याला देऊन मोकळे. मनात आले की घर सोडून निघायचे. लक्ष्मीबाईही काही गरीब गाय नव्हत्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आणि बोलायला फटकळ.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गोष्टी निघाल्या, आणि वॉर्डसाहेबांनी त्यांना नवा करार वाचायला दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. पदरी लहान मूल. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, बहीण व मेहुण्यांच्या आधाराने राहिल्या. पंढरपुरातही दिवस काढले. शेवटी त्या टिळकांकडे परत गेल्या, पण हिंदू राहूनच. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे.

आता इथे जरा थांबू या. ज्या धर्मासाठी या माणसाने गणगोत सोडले, त्या धर्माच्या माणसाच्या हातचे पाणीसुद्धा बायको घेत नाही. आणि माणूस कसा, तर तापट! तरी टिळकांनी सक्ती केली नाही. ते थांबले. त्यांच्या श्रद्धेचा मोठा पुरावा मला त्यांच्या कवितेइतकाच या थांबण्यात दिसतो. पुढे राहुरीला असताना, माणसामाणसांतला विटाळ देवाने केला की माणसाने, या विचाराने लक्ष्मीबाईंना घेरले. सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

मग भांडणे संपली का हो? छे! टिळक अखेरपर्यंत टिळकच राहिले. १९१९ साली ते वारले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात त्यांनी नवऱ्याचे दोष झाकले नाहीत, स्वतःचेही नाहीत. पण वाचताना कडवटपणा लागत नाही, हसू येते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनीच पुढे रचले.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की बाईने मार खावा आणि गप्प बसावे. लक्ष्मीबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. पटले नाही तेव्हा त्या दूर राहिल्या, परत आल्या त्याही आपल्या अटीवर. प्रेम करणे म्हणजे होला हो म्हणणे, हे या दोघांनाही मान्य नव्हते. चूक तोंडावर सांगायची आणि माणूस टाकायचा नाही, एवढे मात्र दोघेही रोज थोडे थोडे शिकत गेले. रोजच, कारण हे काम एका दिवसात उरकत नाही.

गुरुजी, तुमच्या वर्गातही एखादा पोरगा असेलच, ज्याचे नाव हजेरीत आले की कपाळाला आठी पडते. शेतकरी दादा, तुमच्या बांधाला बांध लावून एखादा भाऊबंद असेल, वर्षानुवर्षे न बोलणारा. ‘स्मृतिचित्रे’ गावच्या वाचनालयात असेल तर काढून आणा, आणि संध्याकाळी चार माणसांत मोठ्याने वाचा. त्या भाऊबंदालाही ऐकायला बोलवा.