मोडी कागदातला परिच्छेद

माळेगाव बुद्रुक या नावातला 'बुद्रुक' म्हणजे 'बुजुर्ग', थोरले. धाकट्याला 'खुर्द' म्हणतात, आणि माळेगाव खुर्दही बारामती तालुक्यातच आहे. जुन्या मोडी कागदांत हा 'बुद्रुक' शब्द आखडून 'बु॥' असा लिहीत. हे दोन दंड दिसायला साधे. पण आज अनेक शिक्षक घरोघरचे जुने कागद वाचून संगणकावर उतरवू लागले आहेत, त्यांना पहिला चकवा येथेच बसतो.

कारण पोथीत हेच दोन दंड ओवी किंवा आर्या संपल्याची खूण असतात. बारामतीत राहून मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) हजारो आर्या रचल्या. त्यांची पोथी हाताळणाऱ्याच्या डोळ्यांना सवयच लागते की, दोन दंड आले म्हणजे थांबायचे. हिशेबात त्याच दंडांचा अर्थ अर्धा. '५॥ रुपये' म्हणजे साडेपाच रुपये. तेव्हा खूण एक, अर्थ तीन. टंकलिहिणारा नवा असला की 'बु॥' दिसताच ओळ तोडतो, आणि गावाचे नाव एका परिच्छेदात व गावाची हकीकत दुसऱ्या परिच्छेदात जाऊन पडते. येथवर नुसते हसून सोडता येईल. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

मोडीची रीत आपण पाहिली असेल. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग लेखणी होईल तितकी कमी उचलत अक्षरे तिला टांगत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. लिपी हेमाडपंतांनी आणली अशी परंपरा आहे. त्या वादात आज शिरत नाही. लिहिणाऱ्याला घाई होती आणि वाचणारा त्याच धंद्यातला कारकून होता, म्हणून काम भागत असे. विरामचिन्हे आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली. मेजर थॉमस कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० साली निघाले. छापखान्याने परिच्छेद पाडायची सवय लावली. मोडी मात्र त्यानंतरही, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आपल्या जुन्या चालीनेच चालत राहिली.

आता नमुन्यादाखल मी एक ओळ रचतो. वाटणीपत्रात असे लिहिले आहे असे धरा: 'रामजीकडेवाडाविहीरसमाईकखळेसंताजीकडे'. हे कसे तोडाल? एक वाचन असे: रामजीकडे वाडा. विहीर समाईक. खळे संताजीकडे. दुसरे असे: रामजीकडे वाडा, विहीर. समाईक खळे संताजीकडे. अक्षर एकही बदलले नाही. पण पहिल्या वाचनात विहिरीचे पाणी दोघा भावांचे, दुसऱ्यात ते एकट्या रामजीचे. नीरेचा डावा कालवा येण्यापूर्वी या कोरड्या मुलखात विहिरीचा वाटा म्हणजे काय होते, हे इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला सांगायला नको. 'ध चा मा' केल्याची गोष्ट आपण पोरांना रंगवून सांगतो. येथे तर अक्षर खोडावेही लागत नाही. ओळ कोठे मोडली एवढ्यानेच काम होते.

हिशेबाच्या कागदांची तऱ्हा याच्या उलट. पत्रात जागा सोडायची नाही, पण ताळेबंदात जागेलाच सारा अर्थ. वर मथळा आणि बेरीज, खाली आडवी रेघ, रेघेखाली तपशील, त्या तपशिलाचाही पुन्हा पोटतपशील. कोणती रक्कम कोणाच्या पोटात आहे, हे ती कोठे मांडली आहे यावरून कळते. समजा, वर वसूल १५० रुपये आहे आणि खाली रोख ९० व धान्याबद्दल ६० आहेत. टंकलिहिणाऱ्याने 'नीटनेटके' करण्याच्या हौसेने तिन्ही रकमा एकाच कडेला आणल्या, की पुढचा माणूस त्यांची बेरीज तीनशे करून मोकळा होतो! गावाचा वसूल बसल्या जागी दुप्पट.

संगणकावरच्या साध्या मजकुराच्या फाईलीत ठळक अक्षर नाही, तक्ता नाही. अक्षरे, मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याची खूण, एवढेच भांडवल. ही खूणही सगळीकडे सारखी नाही. टेलिप्रिंटरच्या दिवसांत गाडी मागे नेणे आणि कागद वर सरकवणे ही दोन कामे होती; विंडोजने त्या दोन्ही खुणा ठेवल्या, लिनक्स एकीवरच भागवतो. टॅबची कळ टंकलेखन यंत्रावर आली ती तक्त्यांसाठी, पण तिची लांबी एका यंत्रावर चार घरे तर दुसऱ्यावर आठ. आणि देवनागरी अक्षरे रुंदीला सारखी नसल्याने, मोजून जागा सोडल्या तरी रकाने वाकडे होतात. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली खरी. पण ती अक्षरांना मिळाली, मांडणीला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, एका कागदाच्या दोन फाईली कराव्यात. पहिलीत मूळ कागदाची ओळ जेथे संपते तेथेच आपली ओळ संपवावी, प्रत्येक ओळीला आकडा द्यावा, शब्द तोडू नयेत, आणि 'बु॥'चे दंड तसेच ठेवावेत. दुसरीत हवे ते परिच्छेद पाडावेत, दोहोंमध्ये एक कोरी ओळ सोडावी. हिशेब असेल तर नुसत्या जागेवर भिस्त न ठेवता 'पैकी' हा शब्द कंसात लिहावा. कंस असला म्हणजे तो शब्द आपला, मुळातला नाही, हे कळते. आणि विहिरीसारखी दुहेरी ओळ आली, तर खाली टीप देऊन दोन्ही वाचने लिहावीत, पहिल्या फाईलीतल्या ओळीच्या आकड्यासकट.