अंगाचे माप आणि बाजाराचे माप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा 'बायकांचे घरबसल्या मागवलेले कपडे' असे आम्ही सांगितले. आम्ही थट्टा करीत आहोत, असे त्यांना वाटले. युनियनच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर संपाच्या इतिहासावर बोलावे. कुर्ते आणि बांगड्या हा काय त्याचा विषय? पण हा विषय आम्हांला युनियनच्या कचेरीतच सापडला.

आमच्या सभासदांत तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करणारी एक भगिनी आहे. भावाच्या लग्नासाठी तिने मोबाईलवर एक कुर्ता आणि बांगड्यांचा एक जोड मागवला. चित्रात कुर्ता डाळिंबी होता, हाती आला तो विटकरी. खांद्याला बरोबर, पण दंडात बाही शिरेना. तो परत केला आणि एक आकार मोठा मागवला. तो दुसऱ्या कारखान्याचा निघाला आणि अंगावर झोळीसारखा लोंबू लागला. बांगड्या मनगटापर्यंत पोचल्याच नाहीत. लग्न होऊन गेले तरी पैसे परत आले नव्हते. ती कचेरीत हे सांगत होती, तेव्हा एकजण हसून म्हणाला, "ताई, तब्येत सुधारली तुमची." सगळे हसले. ती हसली नाही. "दादा," ती आम्हांला म्हणाली, "दिवसभर मी बाह्याच जोडते, आणि माझ्याच दंडात बाही शिरत नाही."

चूक कापडाच्या मापात होती. शरम मात्र तिच्या अंगाला वाटली. हे असे का व्हावे, याचा शोध घ्यावा असे आमच्या मनात आले. आमचे शिक्षण शाळेत पुरे झाले नाही. १९८२ च्या संपात आमच्या घरची चूल थंडावली आणि आमचे दप्तर सुटले; पुढचे वाचन युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा पंडिताची नव्हे, तर हिशेब तपासणाऱ्या कामगाराची नजर आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडच्या बाईच्या वस्त्राला पूर्वी नंबर नव्हता. नऊवारी लुगडे लठ्ठ बाईला तेच आणि काटकुळ्या बाईला तेच. नेसणारी आपल्या अंगाप्रमाणे ते बसवून घेई. चोळीचे माप शिंपी घेई, किंवा जुनी चोळी 'मापाला' म्हणून त्याच्याकडे जाई. कासार तर हात हातात घेऊन, तळवा दाबून बांगडी चढवी. फुटली तर ती त्याची फुटे. या तिन्ही व्यवहारांत एक गोष्ट सारखी होती : माल अंगाकडे येई, अंग मालाकडे जात नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. शिंपी दसऱ्याचा ब्लाउज दिवाळीला देई, हे आपण सारे जाणतो. पण ब्लाउज घट्ट झाला तर तो उसवून देणे त्याच्याकडे असे. दोष कोणाचा, याबद्दल वाद नव्हता.

घरबसल्या खरेदी ही मोबाईलने आणलेली नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. अमेरिकेत शिकागो शहरी माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये किमतींचे एक पत्रक छापून शेतकऱ्यांना टपालाने माल विकण्यास आरंभ केला. न पाहिलेला माल घेण्यास लोक कचरत, म्हणून १८७५ मध्ये त्याने 'पसंत न पडल्यास पैसे परत' अशी हमी दिली. पुढे सीअर्स रोबक कंपनीचे जाडजूड कॅटलॉग खेडोपाडी गेले. नांगर, दिवा, घड्याळ टपालाने सुखरूप येई. झगा आला की मात्र तंटा उभा राही, कारण तो अंगाला बसेना.

पुरुषांच्या कपड्यांची वाट थोडी निराळी झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात फौजेला लक्षावधी गणवेश हवे होते. त्या निमित्ताने पुरुषांच्या शरीराची मापे गोळा झाली, आणि तयार कपड्यांच्या धंद्याला ती कामी आली. आजही पुरुषाच्या पॅंटवर कंबर इंचांत लिहिलेली असते. बाईच्या कुर्त्यावर मात्र एक अक्षर असते : स्मॉल, मीडियम, लार्ज. इंच हा इंचच असतो, तो पट्टीने तपासता येतो. अक्षर कशाने तपासणार?

स्त्रियांची मापे घेण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकन सरकारने १९३९-४० मध्ये केला. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार स्त्रिया मोजल्या गेल्या; प्रत्येकीची ५९ मापे घेतली. १९४१ मध्ये अहवाल निघाला. पण त्या हिशेबात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती. काळ्या स्त्रिया कपडे घालीत नव्हत्या की काय, हे अहवालकर्त्यांनाच ठाऊक! पुढे टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनेच, परत येणाऱ्या मालाला कंटाळून, सरकारच्या प्रमाण-संस्थेकडे धाव घेतली, आणि १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांचे प्रमाण-माप जाहीर झाले. ते बंधनकारक नव्हते. १९७० मध्ये ते सुधारले आणि १९८३ मध्ये मागेच घेतले.

ते का टिकले नाही? एक कारण असे की बाईचे शरीर एका आकड्यात मावत नाही. छाती सारखी असलेल्या दोघींची कंबर सारखी नसते, कंबर जुळली तर उंची जुळत नाही. कारखाना मधल्या अंगाचा एक नमुना बेततो आणि ठराविक अंतराने तो मोठा-लहान करतो. म्हणजे जी मधली नाही, तिचे अंग त्याने पाहिलेलेच नसते. दुसरे कारण व्यापाराचे. आकडा लहान दिसला की गिऱ्हाईक खूश होते, हे दुकानदारांच्या ध्यानात आले. सीअर्सच्या १९३७ च्या कॅटलॉगात ३२ इंच छातीचा झगा १४ नंबरचा होता. १९६७ पर्यंत तेच माप ८ नंबराखाली गेले. बाई तीच, इंच तेच. नंबर तेवढा बदलला. मापाची पट्टीच जर विक्रेत्याच्या मर्जीने ताणली जात असेल, तर तिला पट्टी म्हणावे की जाहिरात?

हाच घोटाळा आपल्याकडे मोबाईलवरून आला. फ्लिपकार्ट आणि मिंत्रा या कंपन्या २००७ मध्ये निघाल्या; २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली आणि खरेदीचा हा प्रकार लहान गावांतही रुजला. पण आपल्या बाईचे माप कोणी घेतले होते? विदेशी तक्त्यांत इकडे तिकडे फेरफार करून काम चालले होते. निफ्ट या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घेतली. मुंबईसह सहा शहरांत सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेण्याची ही योजना. म्हणजे मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी ते कापड घालणाऱ्या अंगाची आठवण झाली!

बांगडीची गोष्ट तर याहून मौजेची आहे. बांगडीचे माप 'दोन चार', 'दोन सहा', 'दोन आठ' असे सांगतात. हे इंच आणि आणे आहेत. सोळा आण्यांचा एक इंच. 'दोन चार' म्हणजे सव्वादोन इंच आणि 'दोन आठ' म्हणजे अडीच इंच. मोबाईलवर मधे टिंब देऊन २.४, २.८, २.१० असे छापतात. शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलीला २.१० हे २.८ पेक्षा लहान वाटणार. प्रत्यक्षात ती बांगडी मोठी असते. कासाराला हा हिशेब तोंडपाठ होता, म्हणून गिऱ्हाइकाला तो शिकावा लागत नव्हता. कासार मधून गेला. हिशेब तसाच राहिला, आणि चुकीचा भुर्दंड मनगटावर आला.

साडीचेही तसेच. चित्रातली बाई भरजरी ब्लाउज घालून उभी असते. पुडक्यातून साधा ब्लाउजपीस निघतो. कुर्ता तिच्या अंगाला चापून बसावा म्हणून पाठीमागे चिमटे लावलेले असतात. पाठ कोणी दाखवीत नाही. कारखान्यातही कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. वरचा आणि खालचा तुकडा थोडा सरकतो. एकाच नंबरचे दोन कुर्ते म्हणूनच तंतोतंत सारखे नसतात. हे आमची शिलाईवाली भगिनी जाणते. दिवसाचा नग पुरा करण्याची घाई असते तेव्हा सरकलेला तुकडा बाजूला ठेवण्याची मुभा तिला नसते.

येथे आम्हांला आमचे आजोबा आठवतात. ते मुंबईत एका गिरणीत विणकर होते. त्या काळी कापडात दोष निघाला की तो ताका विणकराच्याच गळ्यात मारीत आणि किंमत पगारातून कापून घेत. सूत कच्चे होते, की माग जुना होता, याची चौकशी नसे. खराब ताका खांद्यावर टाकून विणकर बाजारात गिऱ्हाईक शोधीत फिरे. या जुलमाविरुद्ध कामगार वर्षानुवर्षे झगडले. १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा आला, तेव्हा दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर बांधला गेला, आणि नुकसानीची वजावट करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे मालकाला भाग पडले.

खराब माल कोणाच्या माथी मारायचा, हा तो जुनाच प्रश्न आहे. काल तो विणकराच्या खांद्यावर होता. आज न बसणारा कुर्ता कोणाच्या खांद्यावर आहे? परत करण्याची यातायात गिऱ्हाईक बाईची. ते पुडके घेऊन पुन्हा जिने उतरण्याचे काम पोचवणाऱ्या पोराचे. माल परत आला म्हणून बोलणी खायची शिलाईवालीने. ज्याने नंबर ठरवला, तो मात्र कोठेच दिसत नाही.

कायदा अगदीच गप्प नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याहून निराळा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. डाळिंबीचा विटकरी झाला तर हा नियम कामाचा आहे. पण 'मीडियम' हे अक्षर खोटे ठरवायचे कसे? त्यासाठी अक्षराऐवजी माप मागितले पाहिजे. प्रत्येक कपड्याची छाती, कंबर, दंड, लांबी इंचांत छापा. बांगडीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. आणि न बसलेला माल परत नेण्याचा खर्च माप ठरवणाराने सोसावा. मागणी एवढीच आहे. १९३६ पूर्वीच्या विणकराची मागणीही याहून मोठी नव्हती.

ती भगिनी गेल्या आठवड्यात पुन्हा कचेरीत आली होती. परत आलेल्या पैशांत काही भर घालून तिने कापड घेतले आणि कारखाना सुटल्यावर, मैत्रिणीकडून माप घेववून, कुर्ता स्वतः शिवला. तो तिला छान बसला होता. आम्ही तसे म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "बसणारच. माप माझं आहे ना!"

त्या दिवशी हसलेला मनुष्य शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली आणि तक्रारीचा अर्ज लिहिण्यासाठी कागद पुढे ओढला.